चाकांवरचे जोते

ज्या रस्त्याच्या नावातच मुक्कामाचे गाव लिहिलेले आहे, जो आपल्या घराच्या गच्चीवरून दिसतो आणि ज्याची घरघर बालपणापासून अंगाईसारखी कानी पडत आली आहे, त्या रस्त्याच्या काठी उभी हयात घालवूनही त्या गावाला आपण एकदाही गेलेलो नाही, ही गोष्ट माणसाच्या ध्यानात साधारणतः सेवानिवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात येते; पहिला महिना झोपेत जातो. आमच्या नाशकातून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्याच्या बाबतीत माझे नेमके असे झाले. केंद्र सरकारने २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले आणि आम्हांला ‘तीन नंबर’ म्हणून पाठ असलेल्या या रस्त्याचे तुकडे होऊन ते निरनिराळ्या आकड्यांच्या खाती जमा झाले. परंतु जुन्या सर्व्हे नंबराच्या जागी नवा गट नंबर आला तरी शेतकरी ज्याप्रमाणे बांधावरच्या बाभळीवरूनच आपली जमीन सांगतो, त्याप्रमाणे नाशिककर आजही या रस्त्याला आग्रा रोडच म्हणतो, आणि त्या आग्र्याशी त्याचा जो काही संबंध असतो तो इयत्ता चौथीच्या इतिहासातील पेटाऱ्यांपुरता असतो.

आपण आग्र्याला जावे, रस्त्यानेच जावे, आणि एवढे गेल्यावर हिमालय काही फार दूर नाही तेव्हा तसेच पुढे लडाखपर्यंत जाऊन यावे, असा संकल्प मी सोडला. महसूल खात्यात चौतीस वर्षे काढलेला आणि शेवटी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला मनुष्य संकल्प सोडल्यावर पिशवी भरीत नाही. तो प्रकरण उघडतो. मीही एक जाड पुठ्ठ्याची फाइल घेतली, तिला लाल फीत लावली, वर ‘विषय : दीर्घ पल्ल्याच्या भूमार्गाने प्रवासार्थ वाहन निश्चित करणेबाबत’ असे सुवाच्य अक्षरांत लिहिले आणि पहिल्या पानावर तारीख घातली. ती तारीख आज वाचली म्हणजे मधल्या काळात दोनदा द्राक्षे उतरून गेली, हे लक्षात येते.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने पहिल्याच बैठकीत सांगितले, “काका, आधी बेस व्हेइकल ठरवा. बाकी सगळं त्याच्यावर चढतं.” म्हणजे असे की, ज्या गाडीत झोपायचे, स्वयंपाक करायचा आणि जग पाहायचे ती गाडी तयार मिळत नसून, आधी एक मूळ गाडी निवडावी लागते व तिच्यावर पलंग, ओटा, पाण्याची टाकी, दिवे, कपाटे अशी इमारत उठवावी लागते. मला ही कल्पना तत्काळ पटली, कारण आमच्या मराठीत तिला चांगला शब्द आहे : जोते. घर पडले तरी जोते राहते, आणि वाटणीच्या तकरारीत भावाभावांचे भांडण भिंतींवरून नसून जोत्यावरूनच असते, हे मी असंख्य पंचनाम्यांत अनुभवले होते. फक्त या वेळचे जोते चाकांवर असावयाचे होते, एवढाच फरक.

मग सरकारी शिरस्त्याप्रमाणे मी हरकती व सूचना मागवल्या. ही चूक झाली. नाशिक हे पूर्वी तीर्थक्षेत्र म्हणून प्रसिद्ध होते आणि अजूनही आहे. परंतु सातपूरला मोटारींचा कारखाना आल्यापासून येथील प्रत्येक तिसऱ्या घरात एकतर त्या कारखान्यात काम करणारा, किंवा त्याला सुटे भाग पुरवणारा, किंवा तेथून सेवानिवृत्त होऊन मोटारींविषयी निर्वाणीचे बोलणारा एक पुरुष आढळतो. पंचवटीत जसा प्रत्येक उपाध्याय यजमानाच्या सात पिढ्या सांगू शकतो, तसे हे लोक गाडीच्या सात पिढ्या सांगतात. माझ्या दिवाणखान्यात त्यांनी महिंद्र घराण्याची वंशावळ उघडली : १९४५ साली पोलादाच्या धंद्यासाठी निघालेली ‘महिंद्र आणि महंमद’ ही पेढी, फाळणीनंतर त्यांतील महंमद पाकिस्तानात जाऊन त्या देशाचे पहिले अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल होणे, इकडे १९४७ पासून विलीस जीपची जुळणी सुरू होणे, आणि अखेर २००० साली बोलेरो व २००२ साली स्कॉर्पिओ यांचा नाशकात अवतार होणे. भागीदार गव्हर्नर जनरल झाला ही हकीकत ऐकल्यावर, त्या गाडीत गाद्या किती मावतील हा प्रश्न विचारण्याचे धैर्य मला होईना.

जीपविषयी माझ्या मनात एक जुना ऋणानुबंध आहे हे नमूद करणे भाग आहे. पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत पावसाळ्यात पीकपाहणीला जाताना, साहेबांच्या मागे दप्तर मांडीवर घेऊन, बाजूला शिपाई आणि त्याच्या बाजूला कोणीतरी वाटेत चढलेला पोलीस पाटील अशा अवस्थेत मी जीपचा जो प्रवास केला आहे, त्यावरून माझे असे मत झाले की चार चाकांना बळ देणारी गाडी म्हणजे जी गाडी मनुष्याला चिखलात अधिक आतपर्यंत नेऊन मग अडकते ती. दोन चाकांची गाडी पहिल्याच खाचरात रुतते व तेथून गाव दिसत असते. चार चाकांची गाडी सहाव्या खाचरात रुतते व तेथून गाव दिसत नाही. पुतण्याला हे मत मान्य झाले नाही. त्याने शिडीसारख्या भक्कम सांगाड्यावर उभी केलेली गाडी आणि नुसत्या पत्र्याच्या एकसंध पेटीची गाडी यांतील भेद मला कागदावर आकृती काढून समजावला, आणि सांगाड्याच्या गाडीवर काय वाटेल ते चढवता येते, पेटीच्या गाडीवर मात्र चढवलेले ओझे पत्र्यालाच सोसावे लागते, हे सांगितले. ‘पेटी’ म्हटल्याबरोबर मला आग्र्याचे पेटारे आठवले. आग्र्याहून सुखरूप परत आणणारे वाहन म्हणून इतिहासाने ज्यावर शिक्कामोर्तब केले आहे असे ते एकच. आणि त्याला सांगाडा नव्हता.

दुसरा पक्ष टेम्पोवाल्यांचा. आमच्या लोकांना टेम्पो हा शब्द इतका घरचा वाटतो की तो भाकरी, टोपले, टेकडी यांच्या पंगतीतला असावा अशी कोणाचीही समजूत व्हावी. वस्तुतः ते हॅम्बुर्ग येथील एका जर्मन कंपनीच्या मालवाहू तीनचाकीचे नाव असून, नगरच्या फिरोदियांनी १९५८ साली बजाज यांच्याशी मिळून बजाज टेम्पो ही कंपनी काढली आणि त्या नावासकट ती गाडी या देशात रुजवली. मूळ जर्मन कंपनी काळाच्या उदरात गडप झाली. टेम्पो मात्र महाराष्ट्रात असा काही मुरला की आता लहान मालगाडी कोणत्याही कारखान्याची असो, तिला आम्ही टेम्पो म्हणतो, आणि कंपनीने स्वतःचे नाव २००५ साली बदलून फोर्स मोटर्स असे केले तरी लोकांनी तिच्या प्रवासी गाडीचे ‘टेम्पो ट्रॅव्हलर’ हे नाव सोडलेले नाही. त्याच कारखान्यातून १९६९ साली निघालेल्या मॅटाडोरची कथा याहून मौजेची. मॅटाडोर म्हणजे स्पेन देशात रिंगणात उतरून बैलाला तलवारीने भोसकणारा वीर. आमच्याकडे येऊन त्याने बैलांना बाजारात पोचवण्याचे काम पत्करले, फावल्या वेळात बँडवाले आणि वऱ्हाडी वाहिले, आणि त्याच्या जन्मभूमीत त्याला कधी मिळाले नसेल इतके निरुपद्रवी आयुष्य काढले. या गाडीत मनुष्याला डोके न आपटता उभे राहता येते, हा टेम्पोपक्षाचा मुख्य मुद्दा होता व तो बिनतोड होता. परंतु ज्या सद्‌गृहस्थांनी तो मांडला त्यांची स्वतःची उंची पाच फूट एक इंच असल्याने त्याची रुजुवात होऊ शकली नाही.

माझे मेहुणे एस.टी.त वाहक होते. त्यांच्या मते या भूमीवर दीर्घ प्रवासाचा अधिकार एकाच वाहनाला आहे, आणि तो १ जून १९४८ रोजी पुणे-नगर ही पहिली गाडी सुटली तेव्हाच सिद्ध झाला आहे. “दाजी,” ते म्हणाले, “भंगारातली एक लाल गाडी लिलावात घ्या. खिडकीपाशी पलंग, मागच्या बाकड्यावर देवघर. आणि घंटी आहेच.” घंटीविषयी त्यांचा आग्रह विशेष होता. सौभाग्यवतींना चहासाठी गाडी थांबवावयाची असल्यास एक ठोका, निघावयाचे असल्यास दोन, अशी सुटसुटीत व्यवस्था त्यांनी सुचवली, आणि संसारात चौतीस वर्षे जे साधले नाही ते एका दोरीने साधेल, असे सूचकपणे माझ्याकडे पाहून म्हटले. मी कायदा उघडून पाहिला. हलके मोटार वाहन म्हणजे साडेसात हजार किलोपर्यंतचे, एस.टी. त्या व्याख्येच्या दारातूनही आत शिरत नाही. याखेरीज आमच्या गल्लीत ती वळणार कशी, हा प्रश्न होताच. मेहुण्यांचे म्हणणे, गल्लीत वळवायचीच कशाला. उलटी आणायची, मी मागे उभा राहून शिटी मारीन.

येथवर प्रकरण आले तेव्हा सुमोचा प्रस्ताव पुढे आला, व त्याने मला एका निराळ्याच चिंतनात टाकले. सुमो या शब्दाने पुष्कळांच्या डोळ्यांसमोर जपानातील तो अगडबंब मल्ल उभा राहतो. वस्तुतः टेल्कोची उभारणी करणारे सुमंत मूळगावकर यांच्या नावातील आणि आडनावातील आद्याक्षरे घेऊन १९९४ साली त्या गाडीचे नाव ठेवण्यात आले. एका मराठी माणसाचे नाव घेऊन देशभर धावणारी गाडी म्हणून मला तिच्याविषयी जिव्हाळा वाटलाच. पण पंचवटीत वाढलेल्या माणसाला सुमंत म्हटले की सुमंत्र आठवतो. प्रभू रामचंद्र अयोध्येहून निघाले तेव्हा सुमंत्राने त्यांना रथातून गंगेच्या काठापर्यंत पोचवले, आणि तेथून रथ परत गेला. गंगेपासून गोदावरीपर्यंतचा पुढला सारा प्रवास पायी. ज्या पुरुषाच्या पदस्पर्शाने आमचे गाव नावारूपाला आले, त्याने वाहन निवडले नाही; होते तेवढे अंतर वापरले आणि मग सोडून दिले. परतीच्या वेळी मात्र पुष्पक विमान. त्या विमानाविषयी आमच्याकडे असे सांगतात की त्यात कितीही माणसे बसली तरी एक जागा रिकामीच राहत असे. ही विद्या कलियुगात लुप्त झाली असे ज्यांना वाटते त्यांनी नाशिकहून त्र्यंबकेश्वरला काळ्यापिवळ्या जीपने जाऊन पाहावे. आत बारा, मागे लोंबकळत चार आणि चालकाच्या उजव्या हाताला, म्हणजे दाराच्या आणि चालकाच्या मध्ये, एक. एवढे झाल्यावरही “चला, एक सीट, एक सीट, लगेच निघणार” अशी आकाशवाणी होत असते.

प्रकरणाच्या दुसऱ्या भागाला मी ‘ओझे’ असे शीर्षक दिले होते, आणि तेथेच माझी खरी दमछाक झाली. पुतण्याचा सिद्धान्त असा की, गाडी कोणती हे नंतर, आधी तिच्यावर किती किलो चढणार ते लिहा. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. चार दिवसांचे पाणी म्हणजे शंभर किलो. शिवाय शेगडी, सिलिंडर, गाद्या, बॅटऱ्या. मी यादी घरात फिरवली. परत आली तेव्हा तिच्यात पाटा-वरवंटा, दोन किलोचा खलबत्ता, कोळशाची इस्त्री, उपवासाचे वेगळे भांडे, ‘पाहुणे आले तर’ म्हणून चार जादा चादरी आणि माझ्या मातोश्रींच्या वेळचा तांब्याचा बंब इतका ऐवज दाखल झाला होता. पाहुणे कुठे येणार, हिमालयात? असे मी विचारले. “अहो, लोक कुठंही येतात,” असे उत्तर मिळाले, आणि चाळीस वर्षांच्या अनुभवावरून ते मला खोडता आले नाही.

हे वाचून मला पानिपत आठवले. मराठी मनुष्याला कशावरूनही पानिपत आठवते हे खरे. परंतु या विषयात त्याचा संबंध थेट आहे. आमच्या मुलुखातील भीमथडीचे तट्टू म्हणजे लहान चणीचे, मिळेल ते खाऊन तग धरणारे, घाटात न अडखळणारे जनावर. त्याच्या पाठीवर स्वार, भाला आणि घोंगडी एवढेच बसे, आणि एवढ्यावर शिवाजी महाराजांनी १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेची लूट घेऊन येताना येथून जवळच वणी-दिंडोरीला मोगलांची फौज झोडपून काढली. तेथून नव्वद वर्षांनी, १७६० च्या मार्चात भाऊसाहेब परतूडहून उत्तरेकडे निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर इब्राहीमखान गारद्याचा जड तोफखाना तर होताच, पण बाजारबुणगे, कुटुंबकबिला आणि ‘एवढे निघालाच आहात तर आम्हांलाही तीर्थे घडू द्या’ म्हणून लष्कराला चिकटलेले यात्रेकरूही हजारोंनी होते. फौजेला जे जोते आवश्यक होते त्यावर एवढा वाडा चढला की तो हलेना. माझ्या हातातील यादीत तांब्याचा बंब वाचताना मला भाऊसाहेबांविषयी प्रथमच, इतिहासकारांना कधी वाटली नसेल अशी, केवळ गृहस्थाश्रमी सहानुभूती वाटली. त्यांनाही कोणीतरी घरातून यादी परत केली असली पाहिजे.

मोगलांची रीत याहून समंजस होती. बादशहा दौऱ्यावर निघाला म्हणजे त्याच्या डेऱ्यांचे दोन संच असत. एका संचात तो आज राहत असे आणि दुसरा आदल्या रात्रीच पुढच्या मुक्कामी जाऊन उभा होत असे. त्या पुढे जाणाऱ्या तंबूंना पेशखाना म्हणत. औरंगजेबाच्या काश्मीरच्या स्वारीत बर्निए नावाच्या फ्रेंच वैद्याने ही व्यवस्था पाहून लिहून ठेवली आहे, आणि इंग्रजांच्या अमदानीत जमाबंदीच्या दौऱ्यावर निघणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यानेही बैलगाड्यांवर तंबू लादून तीच वहिवाट चालू ठेवली होती. माझ्या मते भूमार्गाने दूर जाण्याची ही सर्वांत सभ्य पद्धत होय. मी सौभाग्यवतींना म्हटले, आपणही पेशखाना ठेवू. म्हणजे तुम्ही पुढे जाऊन मुक्काम मांडा, मी मागून सावकाश येतो. यावर जे ऐकावे लागले ते या प्रकरणात नोंदवलेले नाही.

तिसरी अडचण कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ मध्ये म्हटले आहे की, उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार कोणाही मालकाने वाहनात करू नये. मी हे कलम तीनदा वाचले. फेरफार! ज्या शब्दावर माझी चौतीस वर्षांची भाकरी चालली, वारसाचा फेरफार, खरेदीचा फेरफार, वाटणीचा फेरफार असे हजारो फेरफार ज्याने नोंदवले, मंजूर करवले व सातबाराच्या उताऱ्यावर उतरवले, त्याला सेवानिवृत्तीनंतर स्वतःच्या गाडीत एक पलंग बसवण्याचा फेरफार करता येऊ नये, यात नियतीचा काही सूक्ष्म विनोद असावा. तशी राज्य शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आणले आहे आणि रीतसर प्रमाणित करून घेतलेल्या घरगाड्या रस्त्यावर धावतातही. परंतु मला माझा पलंग माझ्या सुताराकडून हवा होता. आग्रा रोडवरच्या एका गॅरेजमध्ये मी हा प्रश्न घेऊन गेलो. मिस्त्री गाडीखाली होते. त्यांचे पाय तेवढे दिसत होते. मी त्या पायांना कलम ५२ वाचून दाखवले. पाय क्षणभर स्तब्ध राहिले, आणि मग खालून आवाज आला, “साहेब, खाट ठोकली तर फेरफार. नुसती ठेवली तर सामान.” हे वाक्य कायद्याच्या कसोटीला कितपत उतरेल ते मी सांगू शकत नाही, पण एवढा स्वच्छ निवाडा मी सबंध नोकरीत कोणत्याही कचेरीत ऐकला नव्हता.

त्याच मिस्त्रींनी मला हवेचाही धडा दिला. इंजिन हे डिझेलवर जितके जगते तितकेच हवेवर जगते, आणि खारदुंगच्या खिंडीत पोचेपर्यंत हवा समुद्रकाठच्या मानाने जेमतेम निम्मी उरते. तेव्हा कोंडून हवा आत घालणारा टर्बो ज्या इंजिनाला नाही त्याला तेथे धाप लागणार. थंडीत साधे डिझेल गोठते म्हणून इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी, उणे तेहेतीस अंशांपर्यंत प्रवाही राहणारे निराळे डिझेल काढले, हेही मला त्यांच्याकडूनच कळले. मी घरी येऊन खिंडीच्या उंचीची पडताळणी केली आणि महसुली माणसाला चीड आणणारी एक गोष्ट हाती लागली : तेथील प्रसिद्ध फलकावर वर्षानुवर्षे १८,३८० फूट असे मिरवले गेले, आणि प्रत्यक्ष मोजणीत ती खिंड १७,५८२ फूट भरते. आठशे फुटांची तफावत! आमच्या खात्यात बांधाची आठ फुटांची तफावत आली तर तीन पिढ्या कोर्टात जातात. येथे भर हिमालयात आठशे फूट हवेत विरून गेले आणि कोणी साधा अर्जही केला नाही.

मधल्या काळात मी प्रवासवर्णने पुष्कळ वाचली, आणि त्यांत एक चमत्कारिक साम्य दिसून आले. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील सहा तरुण १९५५ च्या सप्टेंबरात लंडनहून दोन लँड रोव्हर घेऊन निघाले आणि पुढच्या मार्चात सिंगापूरला पोचले. त्या गाड्या त्यांनी निवडल्या म्हणावे तर कंपनीने वापरायला दिल्या होत्या. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात निघाले व ऐन बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचे वाहन म्हणजे बव्हंशी त्यांचे पाय, आणि त्या पायांवर ते झाशीचा वेढा पाहून, गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परत आले. यांपैकी कोणाच्याही दप्तरी वाहननिवडीचे प्रकरण आढळत नाही. जो जातो तो निवडीत नाही, आणि जो निवडतो तो निवडीतच राहतो, असा एक शेरा मी समासात लिहिला. मग तो स्वतःच्याच विरुद्ध जातो असे दिसल्यावरून पेन्सिलीने खोडला. पेन्सिलीने, कारण सरकारी कागद खाडाखोड करून खराब करू नये.

अशा स्थितीत यंदाचा ज्येष्ठ आला. त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी निघते ती सातपूरवरून नाशकात येते, मग पळसे, सिन्नर असे करीत, नगर जिल्हा ओलांडून, चारशे किलोमीटरांहून अधिक चालून आषाढीला पंढरपुरी पोचते. दरवर्षी मी दर्शन घेतो आणि घरी येतो. या वर्षी फाइलमुळे दृष्टी बिघडलेली असल्याने माझे लक्ष पालखीकडे कमी आणि दिंड्यांच्या मागून येणाऱ्या गाड्यांकडे अधिक गेले. आणि जे गेली दोन वर्षे मी कागदावर शोधीत होतो ते एकामागून एक, गुरगुरत, माझ्यासमोरून चालले आहे असे मला दिसले. एका टेम्पोच्या हौद्यात तळाला तांदळाची व पिठाची पोती, त्यांवर वळकट्या, त्यांवर राहुट्यांचे कापड आणि बांबू, बाजूला दोरीने बांधलेली निळी पिंपे, मागच्या फाळक्याला टांगलेला भला थोरला तवा आणि कढया, टपावर ताडपत्री, ताडपत्रीवर वाळत घातलेली धोतरे, आणि चालकाच्या काचेवर ज्ञानोबा-तुकोबांच्या मध्ये झेंडूची माळ. शेदीडशे माणसांचा महिनाभराचा संसार, आणि एकही गोष्ट ठोकलेली नाही. सगळी नुसती ठेवलेली. सगळे सामान. कलम ५२ ला बोट ठेवायला जागा नव्हती.

मी फाइल काखोटीला मारून त्या गाडीपाशी गेलो. चूल पेटवण्याच्या तयारीत असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारले, “माऊली, ही गाडी कशी निवडलीत?” त्यांना प्रश्न कळला नाही. त्यांनी तो चालकाला विचारला. चालकालाही कळला नाही. त्याने जे सांगितले त्याचा मथितार्थ असा की, गाडी गावातल्या एका बागाईतदाराची. चैत्रापर्यंत द्राक्षे वाहते, श्रावणापासून टोमॅटो वाहते, मधल्या काळात रिकामी असते आणि वारी नेमकी मधल्या काळात येते. खारदुंगची वाटही याच काळात मोकळी असते, हे माझ्या मनात आले, पण मी बोललो नाही. गाडीला टर्बो आहे का, सांगाडा शिडीचा आहे का, जमिनीपासून उंची किती, असे प्रश्न माझ्या कागदावर क्रमवार लिहिलेले होते. ते मी काढीत असतानाच बाईंनी विचारले, “जेवायला किती जण हायेत तुमच्यासंगं?”

मी म्हटले, एकटाच.

“मंग बसा की. सिन्नरापर्यंत या. पाऊस येईलसं दिसतंय, पोती झाकायला माणूस लागंलच.”

घरी निरोप पाठवून मी चढलो. तांदळाच्या पोत्यावर बैठक चांगली मिळाली. पाठीला वळकटी आणि पायांखाली कांदे. पळशाला पावसाची सर आली तेव्हा ताडपत्रीचे एक टोक मी धरले होते. मोहदरीच्या घाटात पुढे टाळ, मागे ट्रकांचे भोंगे आणि मध्ये आम्ही, माणसाच्या चालीने, पहिल्या गिअरमध्ये. दोन ठिकाणी उतरून ढकलावेही लागले, आणि तेथे माझा पेठ-सुरगाण्याचा अनुभव उपयोगी पडून चाकाखाली दगड कोणत्या बाजूने लावावा याविषयी माझा शब्द मानला गेला. सिन्नरला पिठले-भात जेवून रात्री एस.टी.ने परतलो. एक दोरीचा ठोका, मग दोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या आला. त्याला सारी हकीकत सांगितली तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर सरकला आणि त्याने फाइल ओढून कोरे पान काढले. “काका, गाडी कोणती होती? कंपनी, मॉडेल?”

मी पुष्कळ आठवून पाहिले. तव्याचा काळेपणा आठवला, माळेतले झेंडू आठवले, डाव्या बाजूच्या पिंपाला झाकण नव्हते हे आठवले. गाडीचे नाव पाहायचे राहून गेले होते. “निळी होती,” मी म्हणालो, “किंवा चिखलाने तशी दिसत असेल.” पुतण्याने ‘निळी (?)’ एवढे लिहून घेतले आणि फीत बांधली.